कुणाला पत्ताही लागला नाही

माझ्या हाताला यश आहे, असं मला एकदा सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटत होतं. ते ऐका.

महापेला आमचं डेटा सेंटर. माझं काम लाईव्ह मायग्रेशनचं, म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला कॉम्प्युटर) बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायची. वापरणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. गोची अशी की आपण तिची मेमरी कॉपी करत असतो, तेवढ्यात कुणीतरी काम करून ती बदलतो. मग बदललेलं परत कॉपी करा. मशीनवर गर्दी असली की घाम फुटतो.

त्या दिवशी जासईच्या एका कंटेनर यार्डाची मशीन होती. ती एका दमात गेली, परत कॉपी करायला काही उरलंच नाही. मी सगळ्या टीमला गोळा करून सांगितलं, "याला म्हणतात हात बसणं." वर कौतुक ऐकवायला यार्डाच्या ठाकूरदादांना स्पीकरवर फोन लावला.

"दादा, सकाळी सिस्टीमला काही झटका जाणवला?"

"नाय."

"गेटवर गाड्या अडकल्या?"

"नाय ओ."

मी टीमकडे बघत कॉलर ताठ केली. "तुमची मशीन चालू असताना हलवली आम्ही."

"कुठली, ती जुनी? तिच्यावर आता कोन काम करतंय? आमी कवाच नवीन मशीनवर गेलो."

"अहो, मग ती बंद करायला सांगायचं ना."

"सांगितलेलं की. तुमीच बोल्लात, उद्या करतो."