रंभाचा डावा पाय

गेनबा : आणि जरा खाली. खाली म्हंजी कंबरंला, ढुंगणाला न्हवं.

रंभा : आबा, गप पडा. पाय लावताना बोलायचं नसतं.

गेनबा : कुणी सांगितलं?

रंभा : तुम्हीच. पायाळूनं डावा पाय सात वेळा लावायचा, मुकाट्यानं. आता मोजणी चुकली.

गेनबा : मंग पयल्यापास्नं लाव. पायाकडनं जन्मलेली लेक घरात, आन् मी दोन म्हैने पालथा.

रंभा : पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं शाबूत निघाली. ते तेव्हाच म्हणाले, दुखण्याच्या धास्तीनं अंग आखडतं, आखडलं की आणखी दुखतं. न भिता चाला.

गेनबा : त्येच्या फोटूत माझी कळ आली न्हाई, ही चूक फोटूची. तुझ्या आईला खांदा दिला त्या दिवशी धरलीया कंबर. ते त्याला काय दिसतंय?

रंभा : ...सात. झालं. आता पायाळूचा नियम. काठीशिवाय वीस पावलं.

गेनबा : काल धाच हुती.

रंभा : नियम रोज वाढतो.

गेनबा : बरं. अंगणात बबनराव बसलाय, त्येला सांगून येतो. चाकणास्नं आलाय, मान धरलीय त्येची. अन् ही बघ गवराबाय सुईण बी आली. तुला पायजे का गं पाय?

गवराबाई : मला काय धाड भरलीय. आन् तू काठीबिगर निघालास कुठं?

गेनबा : नियम हाय.

(गेनबा कंबरेवर हात ठेवून अंगणात जातो.)

गवराबाई : भायेर चौघं बसल्यात, रंभे. बबनराव इचारत हुता, बाईमाणसाची लाथ खाल्ली तर पाटीलकी ऱ्हाती का जाती.

रंभा : लाथ नाही, मावशी, पाय. चिंचवडला माझ्या शाळेत कळलं तर मुलं पाठ पुढं करून बसतील. पण काय करू? सोमवारी रजा संपते. आबा एकटे चालते-फिरते झाले तर जाईन, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत, पायाचं ऐकतात.

गवराबाई : पर तू पायाळू कवापास्नं?

रंभा : जन्मापासून. दुसरी वेळ कुठली असते?

गवराबाई : ह्याच हातांनी काढलीय तुला. पयलं डोकं आलं. चांगलं भोपळ्यावानी.

रंभा : मग सगळं महाळुंगे मला पायाळू म्हणतं ते?

गवराबाई : तुझ्या आईची करणी. तिसरी पोरगी झाली, सासू भिताडाकडं तोंड करून बसली. तुझी आई मला म्हणली, गवरे, भायेर सांग, पाय पयले आले. मी सांगितलं. सासूची कंबर जुनी दुखरी. पाचवीला तिनंच तुझं पाऊल पाठीला लावून घेतलं, अन् उठून पायलीभर बाजरी दळली.

रंभा : खरंच बरी झाली?

गवराबाई : पुढं तुला मांडीवरनं खाली ठिवंना. लोकं कंबर धरून यायची, तर म्हणायची, पोर निजलीय, उंद्या या.

रंभा : आबांना यातलं काही बोलू नका. कळलं तर पुन्हा पालथे पडतील.

गवराबाई : सव्वीस वर्सं पोटात ठिवलंय. आता कशाला सांगती?

गेनबा : (परत येत) चाळीस पावलं झाली. काय कुजबुज चाललीय?

रंभा : काही नाही.

गेनबा : डोक्याचं का?

गवराबाई : कुठलं डोकं?

गेनबा : ही जन्मली तवा कुडाला कान लावून हुतो मी. डोकं दिसलं, जोर कर, असं तूच वरडलीस. आमच्या आयला ऐकू कमी, म्हणून निभावलं.

रंभा : आबा, मग पंधरा दिवस पाय कशाला लावून घेतलात?

गेनबा : गुण येतोय की.

रंभा : खोटं आहे, हे माहीत असून?

गेनबा : कंबरंला कुठं सांगितलंय मी.

रंभा : आणि आईला? तुम्हाला ठाऊक आहे, हे तिला कळलं होतं?

गेनबा : न्हाई. तुझ्या पायाचं कुणी नाव काढलं की पदरात तोंड घालून हसायची. मला फसवलं म्हणून लई खुशीत असायची. मी कशाला मोडू?

(रंभा आबांची काठी उचलून कोपऱ्यात उभी करते.)

गेनबा : सोमवारची पयली यष्टी धर. पोरं खोळंबतील शाळंत. पाणीबिणी माझं मी भरीन.

रंभा : आणि पाय?

गेनबा : ऐतवारी येशील न्हवं? तवर दमानं घेतो मी.