मास्तरांचा दुखरा हात

(टेलरचं दुकान. संध्याकाळ, शटर अर्धं ओढलेलं. मास्तर टेबलावर कापड बेततायत, बायको शेजारी बसून काजं करतेय.)

मास्तर : घेतली म्हणून सांगितलं ना लस. आता काय स्टँप पेपरवर लिहून देऊ?

बायको : नको. कुठल्या हाताला टोचली, तेवढं सांगा.

मास्तर : डाव्या. सगळ्यांना डाव्यालाच देतात.

बायको : दुखतोय?

मास्तर : दुखणारच. नवी लस आहे. सकाळपासून ठणकतोय.

बायको : दुपारी त्याच हाताने माळ्यावरचा तागा खाली घेतलात.

मास्तर : गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला काय सांगू, हात दुखतोय, उद्या या?

बायको : आणि आत्ता कात्री कुठल्या हाताने चालवताय?

मास्तर : कात्री काय, सवयीने चालते.

बायको : अहो, तुम्ही डावखुरे. ही उलट्या पात्याची कात्री बनवून घ्यायला किती खेटे घातलेत. गरम भांडं उतरवायचं झालं तरी उजवा हात पुढे करता, भाजला तर हा भाजू दे म्हणता. आणि तुम्ही नर्सपुढे डावा दंड धरलात?

मास्तर : तिने मागितला, मी दिला.

बायको : इतकी वर्षं तुमच्याबरोबर संसार केला, आणि हे मला सांगताय?

मास्तर : तू टेलरची बायको आहेस की फौजदार?

बायको : काजं करते. भोक कुठे पाडलंय ते मला लगेच दिसतं.

मास्तर : गेलो होतो. ते खोटं नाही. रांगेत उभा राहिलो, नंबर आला, खुर्चीवरही बसलो. ती पोरगी सुई भरायला लागली आणि मी म्हटलं, जरा पाणी पिऊन येतो.

बायको : मग?

मास्तर : मग काय. पाणी प्यालो आणि घरी आलो.

बायको : शेजारच्या न्हाव्याने कान भरले ना?

मास्तर : त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीचा कुणीतरी आहे. लस घेतली आणि बोटं बधिर झाली त्याची.

बायको : मेव्हण्याच्या ओळखीचा कुणीतरी. त्याला काही नाव?

मास्तर : नाव कशाला हवं? बोटं गेली ना.

बायको : त्याच्यापुढे डोकं धरलं की तो आतलंही भादरून ठेवतो.

मास्तर : न्हाव्याचं सोड. नवं कापड आलं की मी काय करतो? आधी भिजवतो. आटतं किती, रंग सोडतं का, ते बघतो, मग कात्री लावतो. व्यापारी छातीवर हात ठेवून सांगतो, मास्तर, सूतभर आटणार नाही. मी ऐकतो का? ही लस परवा आली. कुणी भिजवून बघितली?

बायको : आधी हजारो माणसांना देऊन बघतात, मगच बाहेर काढतात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं तुम्हाला.

मास्तर : व्यापारीही असंच समजावतो.

बायको : बरं. आणि लेकीला काय समजावणार होतात? तिचं पोर वेळेआधी झालेलं, छाती नाजूक. साधा खोकलाही त्याला झेपायचा नाही. ज्याने लस घेतली त्याच्याच मांडीवर द्यायचं, असं डॉक्टरांनी तिला बजावलंय. तिने फोनवर विचारलं, बाबांनी घेतली का? तुम्ही पटकन हो म्हणून मोकळे झालात.

मास्तर : नाही म्हटलं असतं तर ती आलीच नसती.

बायको : आणि आल्यावर? घेतलं असतंत त्या जिवाला मांडीवर?

मास्तर : नाही.

बायको : मग काय करणार होतात?

मास्तर : कंबर धरली म्हणून सांगणार होतो. दारातूनच बघितलं असतं. अंगडी शिवून ठेवलीत, ती तू घालायचीस. मी लांबून बघितली असती, मापात बसतात का.

बायको : दारातून.

मास्तर : मी त्याच्या जिवाशी खेळेन असं वाटलं तुला?

बायको : वाटलं. थोडंसं वाटलं. म्हणून तर उलटतपासणी चाललीय.

मास्तर : भीती वाटते गं. या हाताशिवाय मला दुसरं काही येत नाही. तो गेला तर मी कोण?

बायको : मला माहीत आहे ते.

मास्तर : तुला काय माहीत? तू तरी कुठे घेतलीस? मला रोज ढकलायचं आणि स्वतःचं काय, तर बघू, वेळ मिळाला की जाईन. मला पहिल्यापासून तुझीच शंका आहे.

बायको : घेतली. मागच्या महिन्यातच.

मास्तर : काय?

बायको : बहिणीकडे जाऊन आले ना, तेव्हा.

मास्तर : मला न सांगता?

बायको : सांगितलं असतं तर रोज माझी बोटं दाबून बघितली असतीत. एक दिवस अंग कसकसलं. तुम्हाला म्हटलं, ऊन लागलं. कपाळावर ओला फडका तुम्हीच ठेवलात. दुसऱ्या दिवशी काजं करायला बसले.

मास्तर : आणि काही झालं असतं म्हणजे?

बायको : मला झालं असतं. काजं बाहेरूनही करून घेता येतात.

मास्तर : हे काय बोलणं झालं?

बायको : तुमचंच बोलणं आहे. आधी भिजवून बघायचं. बघितलं. आटलं नाही.

मास्तर : माझ्याशी इतकं खोटं बोललीस.

बायको : तुमच्यापेक्षा बरं जमलं. अजून वेळ गेलेली नाही. ती यायच्या आत तुमची लस अंगी लागेल. उद्या जा, आणि उजवा हात द्या. मागितला तर नर्स नाही म्हणत नाही.

मास्तर : ती म्हणत होती, बाही वर सरकत नाही, सदरा काढा. सगळ्यांदेखत. तिथेच माझा धीर सुटला.

बायको : तुमच्या बाह्यांना जागा असते कुठे. म्हणून हा निळा घालून जा. दुपारी तुमचा डोळा लागला तेव्हा उजवी बाही अर्धी करून ठेवलीय.

मास्तर : बघू. अगं, केवढी वाकडी कापलीस ही!

बायको : तुमच्या कात्रीने कापली. माझ्या हातात ती सरळ कशी चालणार?

मास्तर : माझ्या कात्रीला हात लावलास?

बायको : लावला.

मास्तर : सुईदोरा दे इकडे. दुमडून घेतो. असा घालून गेलो तर ती पोरगी म्हणेल, हा कसला टेलर.