सेहेचाळिसाव्या मिनिटावरची पृथ्वी

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका सुल्मा पेर्दोमो, मंचावरील मान्यवर, सहकारी शिक्षक, दुरास्नो गावातले पालक, आणि मागच्या रांगेत खुर्च्या सरकवणाऱ्या मुलांनो! आधी त्या खुर्च्या थांबवा.

माझ्याआधी तिघे बोलले, भरपूर बोलले. आता पाच वाजून पंचावन्न मिनिटं झाली आहेत. मी थोडक्यात आटोपते.

आपले खगोलशास्त्राचे शिक्षक आदेमार ओलिव्हेरा आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी मी बोलावं, याचं त्यांनाही नवल वाटलं असेल. अकरा वर्षं आमचं भांडण आहे, तेही एका मिनिटावरून.

पडद्यावर काळोख दिसतो ना? बिघाड नाही, ती सूर्यमाला आहे. शाळेच्या संगणकावर, ठोकळे रचायच्या खेळात, आदेमारनी ती खऱ्या मापाने उभारली. पृथ्वी एका ठोकळ्याएवढी. सूर्य एकशेनऊ ठोकळे रुंद. आणि दोघांमधलं अंतर? अकरा हजार सातशे ठोकळे! नियम एकच: सूर्यापासून निघायचं, पायी चालायचं, उडी मारायची नाही. पृथ्वी येते सेहेचाळिसाव्या मिनिटाला.

आणि आपला तास किती मिनिटांचा? मोठ्याने सांगा. पंचेचाळीस.

वेळापत्रक माझं, घंटा माझी, संगणकांच्या खोलीची किल्लीही माझीच. घंटा झाली की कुलूप. त्यामुळे अकरा वर्षांत एकही वर्ग पृथ्वीवर पोहोचला नाही. बुध, शुक्र, मग नुसता काळोख, मग घंटा. मुलं चिडवायची, "मास्तर, पृथ्वी ठेवलीय का खरंच, की थापा मारताय?" आदेमार थर्मास बगलेत धरून कडू माते-चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "ठेवलीय रे. तिच्यावरच तर उभा आहेस."

मग माझ्याकडे यायचे.

"इर्मा, एक मिनिट दे गं."

"आज तुला दिलं की उद्या रसायनवाली मागेल. तूच तुझी पृथ्वी शंभर ठोकळे अलीकडे घे ना. कोण मोजायला बसलंय?"

"माझी असती तर घेतली असती."

यावर मी काय केलं? घंटा वाजवायला गेले.

किती झाले? अठ्ठावन्न. पडदा अजून काळाच आहे.

आज एक गोष्ट कबूल करते. आदेमार, तुलाही ठाऊक नाही. एका शनिवारी मी खोली उघडली आणि एकटी चालत गेले. तुझी चूक काढायला. सगळं मोजलं. एका ठोकळ्याचीही चूक नव्हती. तेवढ्या काळोखात तो एवढासा निळा ठोकळा! मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले. आणि सोमवारी पुन्हा वेळेवर घंटा वाजवली.

तो जुना संगणक आज या समारंभानंतर कायमचा बंद होतो आहे. नव्यावर हा खेळ चालत नाही. म्हणून चौथ्या वर्षाची मुलं सव्वापाचला, आपलं स्वागतगीत सुरू झालं तेव्हाच, पलीकडच्या खोलीत सूर्यापासून निघाली आहेत. त्यांची ती चाल या पडद्यावर दिसते आहे. हा शेवटचा वर्ग. आणि सहाला हे सभागृह बास्केटबॉलला द्यायचं आहे. पत्रिका मीच आखली, पंचेचाळीस मिनिटांची. सवयीने! काल रात्री लक्षात आलं, तोवर छापून झाली होती.

सहा वाजले. प्रशिक्षक दारात शिट्टी घेऊन उभे आहेत. थांबा हो जरा, चेंडू पळून जात नाही. अध्यक्षबाई, आपली परवानगी गृहीत धरते. घंटा ही इथे टेबलावर ठेवली. आदेमार, हे घे तुझं मिनिट.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. अकरा वर्षं जे केलं त्याची माफी मी मुलांकडे वेगळी मागेन.

आता कुणीही बोलू नका. पडद्याकडे बघा. उजवीकडे. नाही, अजून थोडं उजवीकडे.