नदीच्या एकतीस वह्या

विद्यापीठाच्या अभिलेखागारात माझ्या पुढे एक आजी होत्या. काउंटरवरच्या बाई त्यांच्या पिशव्यांतून जुन्या वह्या काढत होत्या.

"किती आहेत, आजी?"

"एकतीस. वर्षाला एक. हे इथे भूगोल विभागात शिपाई होते. कामावर येताना रोज पुलावर थांबून नदीचं पाणी किती चढलंय ते लिहायचे."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. लोक हसायचे. मीसुद्धा."

"अहो, मोठ्या पुराची आमच्याकडे एक ओळ नाही. यांनी तर तासातासाला लिहिलाय!"

"त्या दिवशी घरी आलेच नाहीत. मी दोन दिवस बोलले नव्हते."

"वह्या सगळ्यांना खुल्या ठेवू, की तुमची परवानगी घेऊन द्यायच्या?"

"परवानगी घेऊन."

"मग कोणी वाचायला मागितलं की दरवेळी तुम्हाला फोन करावा लागेल."

"करा की."

"तुम्ही नाही म्हणालात तर?"

"नाही कशाला म्हणेन, बाळा? यांच्याबद्दल विचारणारं आता कोणी उरलं नाही."

"सांगा नंबर."

"लिहून घ्या. आणि रिंग जरा जास्त वेळ वाजू द्या हं. मला उठायला वेळ लागतो."