बाबाचा बास

आमी किन्हवलीचे. माझा बाबा तरुणपणी मुंबईच्या हाटेलात जाझ वाजवायचा, माणसाएवढा बास, चार जाड तारांचा, उभ्यानं वाजवायचा, आणि हाटेलातली गाणी बंद झाली तसा तो बास टेम्पोत घालून गावाला आला नि इथल्या बेंजो पार्टीत घुसला. लोक हसले, काय सांगू तुमाला, वरातीत कपाट आणलं काय बोल्ले. पण बाबानं पार्टीला नव्या चाली बांधून दिल्या, शहापूर-मुरबाडच्या लग्नांत अजून त्याच वाजतात.

बास मला त्यानंच शिकवला, पण घरात. पार्टीत नाय नेलं, पिऊन नाचतात तिथं, पोरीचं काम नाय बोलायचा. मला राग यायचा, अजून येतो.

मग बाबा गेला. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला विहारापुढं मंडप घातला, पार्टी बाबाची चाल वाजवणार होती. आदल्या दिवशी बेंजोवाला अशोकदादा घरी आला, बोल्ला, चाल सगळ्यांच्या मोबाइलमधी हाय, पण बास कुणाच्यात ऐकूच येत नाय, तो कुणाला येत नाय. मी बोलली, मला येतो. तो बोल्ला, बघू गो, नाय जमलं तर आपण कीबोर्ड घेऊ, बास मग घरातच ठेव.

घरातच ठेव! वाशिंदच्या कंपनीत दिवसभर उभी असते मी, त्या मंडपात पण बास धरून उभी राहिली. सुरू केलं नि लगेच समजलं, चुकलं. बाबा घरी मला शिकवायला हळू वाजवायचा, तेच माझ्या हातात बसलेलं, आणि दादाचा बेंजो वरातीच्या वेगानं पुढं पळाला. ढोलकीवाला माझ्याकडं बघतो, लोक बघतात, बोटं घामानं घसरतात, पळता येईना नि थांबता येईना. पुढं आई बसलेली, ती कधी मोठ्यानं बोलत नाय, ती वरडली, थांबू नको गो. मी नाय थांबली. दादानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बेंजो हळू केला.

तेव्हा दोनी एकत्र ऐकलं मी, पहिल्यांदा. घरी नुसता बास, लग्नात भोंग्यावर नुसता बेंजो. बाबानं काय बांधलेलं ते तेव्हा कळलं, आणि सांगायला तो नव्हता. रडली मी, वाजवता वाजवता.

आता पार्टीतच हाय मी. परवा म्हसा गावाला लग्न होतं. पिणारे पितात, नाचणारे नाचतात, मी मागं उभी असते, बाबा उभा राहायचा तिथंच. निघताना आई दारात येते, बासवर हात ठेवते नि बोलते, दोघं सांभाळून या.