एकतिसावा दिवस

न्यायालयाच्या निकालाने वाद मिटतो, असे आम्ही शाळेत शिकलो. तालुका कोर्टात, निकालाच्या नकला देणाऱ्या खिडकीसमोर, खटला जिंकलेले एक जोडपे माझ्यापुढे उभे होते.

"बाजूच्या वावरवाल्या सरदारनं अपील काहून नाही केलं?" नवऱ्याने बायकोला विचारले.

"हारला म्हून."

"हारलेला मानूस आपल्याले चहा पाजते का? डाव हाय त्याचा."

"अवो, वावराचा रस्ता कोर्टानं आपल्याले देल्ला. तुमी तितून बैलबंडी नेऊ देत नाही. महिना झाला, सोयाबीन डोक्यावर वाहून राह्यली मी."

"थांब वो, पियुषची माय. अपिलाले तीस दिवस असतेत. आज एकतिसावा."

"मंग झालं ना!"

खिडकीतला कारकून म्हणाला, "काका, अपिलाला निकालाची नक्कल लागते. ती मिळायला लागलेले दिवस त्या तिसात धरत नाहीत."

"पाह्य! म्हंजे त्याचे दिवस बाकी असतीन! साहेब, नकलेचा अर्ज आला का हो?"

कारकुनाने रजिस्टर उघडले.

"एक आलाय. निकालाच्या तिसऱ्याच दिवशी."

"घे! तिसऱ्याच दिवशी! आता बोल!"

"अर्जदार नानाजी देवसरकर."

"तो तर मी हावो."

"हो, तुमच्या वकिलाने केलाय. दुसऱ्या कोणाचाच अर्ज नाही."