पाण्याच्या रंगाचा शर्ट

(समुद्रासमोरच्या इमारतीतली शिवणखोली. नणंद आणि भावजय खिडकीत.)

भावजय: ताई, दुर्बीण इकडे द्या. मघापासून तुम्हीच बघताय.

नणंद: थांब, खडकाच्या डावीकडे बघतेय मी.

भावजय: तिथे मघापासून नुसता फेसच आहे. यांची लाटांवरची फळी तरी दिसतेय का?

नणंद: नाही.

भावजय: मग काय दिसतंय?

नणंद: पाणी गं. सगळीकडे पाणीच.

भावजय: मी सकाळीच म्हटलं, जाळं राहू दे खडकात. तुम्ही प्रदर्शनासाठी करताय त्या माशाला शेपटी नसली म्हणून काही अडत नाही. तर हे म्हणाले, ताईचा अख्खा मासा समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांचा आहे, शेपटीला बाजारातली दोरी लावली तर लोक हसतील. आणि वर म्हणे, एखादं कासव त्यात अडकायच्या आत कापून आणतो. कासवाची काळजी आहे. माझी नाही.

नणंद: अगं, लाटांवरच वाढलाय तो. आज पहिल्यांदा का फळीवर उभा राहिलाय?

भावजय: मला धीर देऊ नका. तुमचाच चेहरा पांढराफटक पडलाय.

नणंद: बरं, नाही देत. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला फोन लाव.

भावजय: लावलाय, वाजतोय... हॅलो? अहो, माझे मिस्टर खडकाकडे गेलेत, फळी घेऊन. अडकलेलं जाळं कापायला. हो, एकटेच. बराच वेळ झाला, दिसतच नाहीयेत... ताई, तो विचारतोय अंगात कुठल्या रंगाचा शर्ट आहे. नेहमीचा नारिंगी ना?

नणंद: नारिंगी दोरीवर वाळतोय.

भावजय: मग?

नणंद: नवा घातलाय. मीच म्हटलं, ओला झाल्यावर कसा दिसतो ते मला इथून बघू दे.

भावजय: नवा म्हणजे, मी काल शिवला तो?

नणंद: हो.

भावजय: अहो, त्याचं कापड तर तुम्ही या काचेवर धरून धरून जुळवलंत. समुद्रापुढे पट्टी ओळखू येईनाशी होईपर्यंत रंगाऱ्याला परत पाठवत होतात. आणि मग एकदा ती दिसेना, तेव्हा आपण तिघांनी टाळ्या वाजवल्या.

नणंद: माहितेय गं मला.

भावजय: मी त्या माणसाला काय रंग सांगू?

नणंद: पाण्याचा सांग.

भावजय: हॅलो, शर्ट पाण्याच्या रंगाचा आहे. नाही हो, चेष्टा कशाला करीन? आम्ही कपडे करतो, पुरुषांचे, लाटांवर खेळणाऱ्यांचे. चड्डी? तीसुद्धा त्याच कापडाची... ताई, तो कुणालातरी हाका मारतोय.

नणंद: होडी काढतायत का विचार.

भावजय: काढतायत. पण अगदी हळू न्यावी लागेल म्हणाला. माणूस दिसलाच नाही, तर इंजिनाचा पंखा त्याच्याच अंगावरून जायचा.

नणंद: असं नको बोलूस.

भावजय: तो म्हणाला, मी नाही. ताई, मला फार भीती वाटतेय.

नणंद: मलाही वाटतेय. ये, माझ्याजवळ उभी राहा.

भावजय: थांबा, बोलतोय. हं... कुठे? खडकाच्या डावीकडे? ताई, जाळं दिसलंय त्यांना. तरंगतंय. पण पाण्याची ओढ बाहेर आहे आणि जाळं किनाऱ्याकडे येतंय म्हणाला.

नणंद: म्हणजे कोणीतरी ओढतंय ते.

भावजय: पोचले... होडीत घेतलं. घेतलं हो यांना. पायाला कापलंय, पण शुद्धीवर आहेत. फोन देतोय. घ्या, तुम्हीच बोला.

भाऊ: हॅलो, ताई? ऐक ना, अख्खी शेपटी होईल एवढं मिळालंय. फळी मात्र गेली. पाय अडकला होता जाळ्यात, सुटता सुटेना. मी तुमच्या खिडकीकडे बघून इतके हात हलवले. तुम्ही दोघी तिथे उभ्या दिसत होतात मला.

नणंद: हो रे. आम्ही तुझ्याकडेच बघत होतो.